घड्याळं काय शिजवून खायची?

मला कुणी 'हौशी' म्हटलं की माझं टाळकं सरकतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मलाही कळतं. गणपतीत स्टेजमागचा पडदा मी रंगवला की मंडळातले एक काका माइकवर सांगतात, "आमच्या हौशी कलाकार." रविवारच्या मराठी शाळेत मी पोरांकडून बाराखडी घोटून घेते, तर तिथेही मी हौशी शिक्षिका. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर हे विशेषण मिरवायचं. खरी गोष्ट अशी की मी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेतल्या कॅरी गावात आलेली बायको आहे. या व्हिसावर राहता येतं, ड्राइव्ह करता येतं, टॅक्सच्या कागदांवर सही करता येते, पण कमावता येत नाही. एक डॉलरसुद्धा नाही. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डची फाइल टाकली की पुढे कधीतरी मला वर्क परमिट मिळेल, असं आल्यापासून ऐकतेय. कंपनी काही फाइल टाकत नाही. तोवर मी जे काही करीन ते हौसेनं.

नागपुरात मी हौशी नव्हते. मी गोळाफेक करायचे, आणि बरी करायचे. युनिव्हर्सिटीकडून खेळले, मेडल आणलं, आणि त्या जोरावर खेळाडू कोट्यातून एका सरकारी खात्यात चिकटले. सकाळी मैदान, अकरानंतर टेबल. बाबा भेटेल त्याला सांगायचे, "पोरगी लोखंड फेकून पोटाला लागली." लग्न झालं, नवऱ्याला इकडची नोकरी मिळाली, मी बिनपगारी रजा टाकून आले, रजा वाढवली, पुन्हा वाढवली, आणि शेवटी राजीनामा पाठवला. हौसेनं केला पती, त्याला झाली रगतपिती, असं मी नवऱ्याला चिडवते. तो बिचारा हसतो. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त व्हिसाचं नाव निघालं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं.

गोळा मी नागपुरातच ठेवून आले होते. इथे तो पुन्हा हातात आला तो दगडाच्या रूपात. आमच्या मागच्या अंगणात कुंपणाशी काही गोलसर दगड पडलेले होते. ते गवत कापणाऱ्या माणसाच्या मशीनला आडवे येतात म्हणून मी एक दिवस ते कोपऱ्यात हलवत होते. त्यातला एक उचलला आणि हात आपसूक गळ्याशी गेला. कोपर वर, पाठ फेकायच्या दिशेला, एक सरक, आणि दगड थेट कोपऱ्यात. मला इतकं बरं वाटलं की बाकीचे सगळे मी तसेच पाठवले. वळून बघते तर पलीकडच्या पोर्चमध्ये शेजारीणबाई उभ्या. ऐंशीच्या पुढच्या, शाळेत नर्स होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मला वाटलं, आता आवाजाची तक्रार करणार. त्या म्हणाल्या, तुला हे कुणीतरी नीट शिकवलेलं आहे.

इथे मोठ्या माणसांनाही नावानं हाक मारतात. माझ्या जिभेला ते कधी जमलंच नाही. मी त्यांना काकू म्हणू लागले आणि काकू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर स्वतःच "धिस इज काकू" म्हणून सुरुवात केली. मी चहा करून न्यायची आणि त्यांच्या पोर्चमध्ये आम्ही बसायचो. आत फायरप्लेसच्या वर लाकडी पेटीतलं एक जुनं घड्याळ होतं, चावीचं. ते तासाचे टोले द्यायचं, पण स्वतःच्या मनानं. चारला तीन, सहाला पाच. काकूंनी त्या घड्याळावरून मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली.

आजोबा स्कॉटलंडचे, ईशान्येकडच्या एका गावातले. ग्रॅनाइटच्या खाणीत दगड फोडायचे, आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी दगड फेकायचे. हातोडाही फेकायचे, लाकडी दांड्याचा, पण त्यांचा जीव दगडावर. विसाव्या शतकाची ती पहिली वर्षं. तिथे दोन तऱ्हेचे खेळ भरत. एकात जिंकणाऱ्याला रोख पैसे मिळत. दुसरे अमॅच्युअरांचे, म्हणजे आपल्या मराठीत हौशींचे. तिथे पैसे नाहीत, वस्तू मिळायची. आणि नियम असा कडक की रोखीच्या मैदानावर एकदा जरी पैसे घेतले, तरी माणूस जन्माचा विटाळला. मग हौशींच्या मैदानात त्याला कुणी उभं करत नसे. आणि देशाच्या संघात निवड व्हायची ती या हौशींमधूनच.

आजोबांना देशाची जर्सी घालायची होती. बस, एवढंच. त्यापायी त्यांनी आयुष्यात कधी रोख बक्षीस घेतलं नाही. रोखीचे खेळ त्यांच्याच गावात भरायचे. घरातून आरोळ्या ऐकू यायच्या, आणि आजोबांपेक्षा कमी फेकणारे लोक खिसा भरून घरी जायचे. आजोबा आपले पुढच्या शनिवारी चालत दुसऱ्या गावी जाणार, जिंकणार, आणि संध्याकाळी काखेत एक घड्याळ घेऊन परत येणार. कधी काट्याचमच्यांची पेटी, पण बहुतेक वेळा घड्याळच. ते विकायचीही चोरी, कारण विकलं तर ते पैसे घेतल्यासारखंच. एका हिवाळ्यात घरात मुलींच्या पायांत धड बूट नव्हते आणि भिंतीवर घड्याळांची रांग लागलेली. काकूंची आजी त्या दिवशी आजोबांसमोर उभी राहून जे म्हणाली, ते काकूंच्या घरात तीन पिढ्या म्हणीसारखं वापरलं जातंय. मी ते मराठीत असं सांगीन: "घड्याळं काय शिजवून खायची?"

मी तर ऐकता ऐकताच त्या आजीबाईंच्या पार्टीत जाऊन बसले. काकूंना म्हटलं, तुमच्या आजोबांना नियम शिकवणारे लोक कोण होते हो? काकू म्हणाल्या, वकील, डॉक्टर, जमीनदारांची मुलं. म्हटलं, मग झालं तर. पोट भरलेल्या माणसानं उपाशी माणसाला सांगायचं, हौसेला मोल नसतं. आमच्याकडे ही म्हण आहे आणि ती कौतुकानं म्हणतात. मला ती आता ऐकवत नाही.

जर्सी मिळाली का, हे मी विचारलंच. मिळाली. एकदा. आयर्लंडविरुद्ध सामना होता, बोटीनं गेले, पाऊस इतका की दगड हातात ठरेना, आणि आजोबा तिसरे आले. परत आल्यावर कळवण्यात आलं की जर्सी संघाच्या मालकीची आहे, धुऊन परत पाठवावी. धुतली आजीबाईंनी. त्या वेळी त्या काय बोलल्या असतील ते काकूंना ठाऊक नव्हतं, पण मी अंदाज करू शकते. पुढे महायुद्ध झालं, आजोबा उजवा खांदा गमावल्यासारखाच करून आले आणि फेकणं संपलं. तरी दर उन्हाळ्यात ते मैदानावर जायचेच, दुसऱ्यांच्या फेकी मोजायला टेप धरून. त्याचेही पैसे नाहीतच.

काकूंची आई लग्नानंतर अमेरिकेत आली ती एक घड्याळ घेऊन. काकू लहान असताना एकदाच आजोळी गेल्या होत्या. पोरवयातला आगाऊपणा, त्यांनी आजोबांना सरळ विचारलं, तुम्ही पैसे का नाही घेतले? आजोबांनी अंगणातला एक दगड छोट्या काकूंच्या गळ्याशी लावला आणि म्हणाले, कोपर वर कर. काकूंना त्यांचं एवढंच आठवतं.

आता काकूंनी स्वतः काय केलं ते ऐका. इथून दोनेक तासांवर एका छोट्या गावात दर वर्षी स्कॉटिश लोकांचे खेळ भरतात. बॅगपाइप, मेंढ्या राखणारी कुत्री, तळलेल्या माशांचे स्टॉल, आणि मधल्या मैदानात वजनं फेकणारी दांडगी माणसं. आपल्या जत्रेसारखेच हौशे, नवसे, गवसे सगळे. तिथे बायकांच्या दगडाच्या स्पर्धेसाठी काकू आपल्या पेन्शनीतून बक्षीस ठेवतात. पहिल्या तिघींना तीन पाकिटं. बक्षीस आजोबांच्या नावानं आहे, पण रोख आहे. घड्याळ नाही, कप नाही, काही नाही. काकू म्हणाल्या, नाव आजोबांचं, मर्जी आजीची. मला ही बाई त्या दिवशी फार आवडली.

त्यांनीच मला उतरायला लावलं. महिनाभर मी मागच्या अंगणात घाम गाळला. नवऱ्याचा विरोध नव्हता, त्याला गंमत वाटत होती. मंडळात कुणी विचारलं, वहिनी सध्या काय करतात, तर हा सांगायचा, दगडफेक. एकदोघं खरोखर दचकले. मैदानात उतरायचं तर तो चौकड्यांचा घागरा, किल्ट, नेसावाच लागतो, असा नियम. काकूंनी आपला जुना काढून माझ्या कमरेला बेतून दिला. मी तो लेगिंग्जवर चढवून हॉलमध्ये आले तर नवरा म्हणाला, कुठल्या कॉन्व्हेंटात ॲडमिशन घेतलीस? मी म्हटलं, हस, हस, दात बाहेर ठेवूनच गाडी चालव.

खेळांच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर एक हसतमुख बाई होती. तिनं नाव घेतलं, वय घेतलं, आणि विचारलं, अमॅच्युअर की प्रोफेशनल? साधा प्रश्न. तिथे दोन गट होते, काकूंची पाकिटं दोन्हीकडे, आणि तिला फक्त गट हवा होता. मागे रांग होती. शंभरातल्या नव्व्याण्णव बायका माझ्या जागी अमॅच्युअर म्हणाल्या असत्या. माझ्या डोक्यात मात्र बाबा आले, ते खातं आलं, सकाळचं मैदान आणि एक तारखेचा पगार आला. मी गोळा फेकायचे आणि सरकार मला पगार द्यायचं, मग मी कोण? पुन्हा एकदा, आणि तेही स्वतःच्या तोंडानं, हौशी म्हणवून घ्यायचं?

"प्रोफेशनल," मी म्हणाले.

झालं. बाईनं मला मोठ्या गटात टाकलं. तिथे माझ्यापेक्षा वीतभर उंच, खांद्यांनी दारं अडवतील अशा मुली होत्या. त्यांनी मला अतिशय प्रेमानं जागा करून दिली, कुणी खडू दिला, कुणी फळीशी पाय कसा अडवायचा ते दाखवलं. आणि मग माइकवर नावं पुकारणाऱ्या गृहस्थानं खणखणीत आवाजात माझं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाला, प्रोफेशनल थ्रोअर, फ्रॉम इंडिया.

नवरा आमच्या पोरीला घेऊन दोरीपलीकडे उभा होता, हातात लिंबू सरबताचा ग्लास. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझी पाळी यायच्या आत तो दोरीला लगटून कुजबुजला, "प्रोफेशनल? तू प्रोफेशनल सांगितलंस? या व्हिसावर?" मी म्हटलं, फेकू दे आधी. खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात व्हिसाचा व नव्हता.

दगड गोळ्यासारखा गुळगुळीत नसतो. त्याला एक बाजू असते, ती तळव्याला सापडावी लागते. पहिल्या फेकीला ती सापडली नाही. दुसरीला सापडली. तिसरी गेली ती मला सुटतानाच कळली, हे ज्यानं कधी काही फेकलंय त्याला सांगायला नको. कोपर शेवटपर्यंत वर राहिलं होतं. सगळ्या मुलींचं फेकून झालं तेव्हा मी दुसरी आले होते. एक्केचाळिसाव्या वर्षी, घागऱ्यात, दुसरी. काकू खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांची काठी खाली पडली होती.

बक्षीस द्यायला काकूच. पहिलीला पाकीट दिलं, आणि मग माझ्यापुढे धरलं. पांढरं, आत चेक, वर त्यांच्या थरथरत्या अक्षरात आजोबांचं नाव. मी हात पुढे केला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो मान हलवत नव्हता, खुणा करत नव्हता. नुसता उभा होता, पोरीचा हात धरून. मला त्याच्या डोळ्यांत सगळं दिसलं. त्याची नोकरी, पोरीची शाळा, ती फाइल, जी कधी टाकली जाईल तेव्हा कुणीतरी बारकाईनं वाचेल. बक्षीस ही कमाई नव्हे, असंही म्हणणारे आहेत. पण प्रोफेशनल म्हणून सांगितलेलं, माइकवर पुकारलेलं, आणि वर चेक? कशाला विषाची परीक्षा? मी हात मागे घेतला. काकूंना म्हटलं, मला हे घेता येणार नाही. माझ्या व्हिसाला चालत नाही.

काकूंना व्हिसाबद्दल कधी नीट सांगितलंच नव्हतं मी. त्या पाकीट धरून तशाच उभ्या राहिल्या. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं मी बाणेदारपणे नको म्हणतेय. कुणीतरी ओरडलंसुद्धा, दॅट्स द स्पिरिट. मला त्या माणसाच्या डोक्यात दगड घालावासा वाटला.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून पोरगी म्हणाली, "आई, यू शुड हॅव टेकन इट. यू वन इट." नवऱ्यानं सोमवारी वकिलाला ईमेल केलं. उत्तर आलं ते असं की हौशी म्हणून उतरला असतात तर कदाचित चाललं असतं, आता घेतलं नाहीत तेच बरं. म्हणजे एका शब्दानं माझा चेक गेला. नवऱ्यानं मला ते वाचून दाखवलं आणि वर एक शब्द बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. रक्कम काही मोठी नव्हती. पण इतक्या वर्षांनी मी काहीतरी केलं होतं आणि त्याचं कुणीतरी मोल केलं होतं, आणि तेच मी माझ्या हातानं परत केलं होतं.

काकू त्यानंतर काही दिवस दिसल्या नाहीत. मला वाटलं, दुखावल्या. मग एका रविवारी सकाळी, मी मराठी शाळेच्या गडबडीत असताना, बेल वाजली. काकू, आणि त्यांच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं ते घड्याळ. मी ते त्यांच्या हातातून घेतलं, कारण ते जड होतं आणि त्या धापा टाकत होत्या. काय आहे ते कळलं आणि माझा पाराच चढला. चेकऐवजी घड्याळ. दुधाची तहान ताकावर. शंभर वर्षांपूर्वीचाच न्याय, तोही मला, आणि तोही या बाईकडून.

मी म्हटलं, "काकू, हे मी काय शिजवून खाऊ?"

तोंडातून गेलं आणि मीच चपापले. काकू दारातच काठीवर रेलून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी त्यांना आत आणून सोफ्यावर बसवलं. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "तू आजोबांसारखी नाहीस. म्हणून तर आणलं. त्यांनी कधी एकाही घड्याळाला चावी दिली नाही. आजी द्यायची. दर रविवारी, सगळ्या घड्याळांना, आजोबांना शिव्या घालत." मग टॉवेलच्या घडीतून त्यांनी पितळेची एक छोटी चावी काढून माझ्या हातात दिली. झिजून तिचे कंगोरे गुळगुळीत झाले होते.

आता ते घड्याळ आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी आहे. चारला तीनच वाजवतं. रविवारी शाळेला निघायच्या आधी मी त्याला चावी देते, आणि चावी देताना कंपनीला, व्हिसाला, वकिलाला, त्या वकील-डॉक्टर-जमीनदारांना आणि काकूंच्या आजोबांनाही नागपुरी शिव्या देते. पोरीनं त्यातल्या काही पाठ केल्या आहेत. फाइल अजून टाकलेली नाही. घड्याळ बंद पडू दिलेलं नाही.

या वर्षी पुन्हा गेलो. टेबलावर तीच हसतमुख बाई. नाव, वय, आणि मग तोच प्रश्न. वकिलाचं ईमेल मला तोंडपाठ होतं. अमॅच्युअर म्हटलं तर पाकीट कदाचित घरी आणता येणार होतं. मी तोंड उघडलं, आणि शब्द काही निघेना. मागे पुन्हा रांग होती. तेवढ्यात शेजारून नवरा बोलला. व्हिसाच्या नावानं ज्याच्या तोंडचं पाणी पळतं, तोच नवरा, हातात माझ्या पाण्याची बाटली धरून.

"शी इज अ प्रोफेशनल," तो म्हणाला. "फक्त पैसे घेत नाही."

शेवटचं तो घाईत मराठीतच बोलून गेला. बाईला काही कळलं नाही. तिनं पहिलं तेवढं लिहून घेतलं आणि मी दगड शोधायला गेले.